रडत नाही म्हणजे रुळले असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशात जाऊन मूल दत्तक घेतलेल्या एका दांपत्याचा अनुभव आला होता. लेख मनापासून लिहिलेला आहे आणि त्या कुटुंबाच्या आनंदाविषयी मला तिळमात्र शंका नाही. तरीही त्यातल्या एका परिच्छेदाने मी अस्वस्थ झाले. ताबा मिळाला त्या दिवशी मूल अजिबात रडले नाही, लगेच गळ्यात पडले, त्याच संध्याकाळी तिघांनी मिळून शहर पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून ते जणू जन्मापासून आपलेच होते, असे त्यात लिहिले आहे. ज्यांचा हा प्रवास अजून व्हायचा आहे असे पालक हे वाचतील आणि आपल्या वाट्याला वेगळे काही आले, की आपलेच काहीतरी चुकले असे समजतील. किंवा, जे त्याहून वाईट, आपल्याही वाट्याला असेच आले, की आता सगळे सुरळीत झाले असे समजतील. मी त्या दुसऱ्या प्रकारातली होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आमचा मुलगा आमच्याकडे आला तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. तो कोणत्या देशातला हे मी मुद्दामच लिहीत नाही. ती माहिती त्याची आहे आणि ती कोणाला, कधी सांगायची हे मोठा झाल्यावर त्याने ठरवावे. एका कार्यालयातल्या खोलीत आम्ही कागदांवर सह्या करत असताना त्याला सांभाळणाऱ्या बाईंनी त्याला माझ्या मांडीवर ठेवले आणि शेवटची सही करून मी मान वर केली तोवर त्या मागच्या दाराने निघून गेल्या होत्या. मूल रडू नये म्हणून असेच करतात, असे आम्हाला सांगण्यात आले. आणि तो खरोखरच रडला नाही. हॉटेलच्या खोलीत जिथे बसवावे तिथे तो बसून राही. घास पुढे केला की तोंड उघडी, उचलले की उचलू देई, दिवा मालवला की डोळे मिटून घेई. फक्त पायांतले बूट काढू देईना. बुटाच्या पट्ट्याला हात लावला, की दोन्ही पाय पोटाशी ओढून घेई, तेही आवाज न करता. पहिल्या चारही रात्री तो बूट घालूनच झोपला. आम्ही घरी फोन करून कौतुकाने सांगितले, की मुलगा फार शहाणा आहे, जराही त्रास देत नाही.

आज ते बोलणे आठवले की मला ओशाळल्यासारखे होते. बुटांसाठी तो एवढा का अडून बसला असेल, याचा विचार आम्ही केलाच नव्हता. ज्याला परत जायचे असते तो बूट काढत नाही.

गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या बहुतेक दवाखान्यांत लहान मुलांना भेटायला आईवडिलांना फार थोडा वेळ मिळत असे, कारण ते भेटून गेले की मुले रडत आणि वॉर्डाची शिस्त बिघडे. आई आणि मूल यांच्या नात्याचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी १९४८ पासून अशा वॉर्डांत बसून त्या मुलांचे निरीक्षण केले. मूल आधी आक्रोश करते, दाराकडे डोळे लावून बसते आणि जवळ येणाऱ्याला झिडकारते. काही दिवसांनी आक्रोश थांबतो आणि ते खिन्न, निश्चल होते. त्यानंतर ते पुन्हा खाऊ-खेळू लागते, परंतु आई भेटायला आली तरी तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. दवाखान्यातल्या लोकांच्या मते मूल शांत झाले म्हणजे रुळले. रॉबर्टसन यांचे म्हणणे असे, की त्याने आशा सोडली आहे. हे पटायला बराच काळ गेला. १९५९ मध्ये तिथल्या सरकारी प्लॅट समितीने मुलांना भेटण्यावरचे निर्बंध उठवण्याची शिफारस केली आणि त्यानंतर तिथले दवाखाने हळूहळू बदलत गेले. परंतु मुलाचा ताबा देण्याच्या खोल्यांमध्ये मागचे दार अजूनही वापरात आहे, हे मी स्वतः पाहिले आहे.

यावर कोणी म्हणेल, की संस्थेत वाढलेल्या मुलाला आई कुठे असते, मग त्याने गमावायचे ते काय? मीही तसेच समजत होते. परंतु त्या मुलाला रोज कोणीतरी भरवलेले असते. पलीकडच्या पलंगावर कोणीतरी ओळखीचे झोपलेले असते. फिनाइलचा, कपड्यांच्या साबणाचा, स्वयंपाकघराचा असा एक वास असतो, तोच त्याच्या घराचा वास. एका दुपारीत हे सगळे जाते आणि वर भाषाही जाते. मोठे माणूस देश सोडते तेव्हा कशासाठी सोडत आहोत हे त्याला ठाऊक असते. दोन वर्षांच्या मुलाच्या लेखी त्याला दोन अनोळखी माणसांनी उचलून नेलेले असते, ज्यांचा वास वेगळा, चेहरा बहुधा वेगळा आणि ज्यांचे एकही अक्षर त्याला कळत नाही.

भाषेचा मुद्दा फार हलका धरला जातो. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये झालेले आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. चीनमधून सुमारे वर्षाच्या असताना दत्तक येऊन फ्रेंच बोलणाऱ्या घरांत वाढलेल्या ९ ते १७ वर्षांच्या मुलींना चिनी भाषा मुळीच येत नव्हती, एक शब्दही आठवत नव्हता. तरी चिनी भाषेतले स्वरांचे चढउतार ऐकवल्यावर त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद लहानपणापासून चिनी बोलत आलेल्या मुलींसारखाच निघाला. ज्या वयात बोलताही येत नव्हते त्या वयात कानावर पडलेले बारा-बारा वर्षे आत राहते. मग दोन वर्षांच्या मुलाला हॉटेलच्या त्या पहिल्या रात्री काय काय ऐकू येईनासे झाले असेल, याची कल्पना करावी. आम्ही निघण्यापूर्वी त्याच्या भाषेतले ‘नमस्कार’ आणि ‘आभारी आहोत’ एवढेच शिकून गेलो होतो, म्हणजे कार्यालयातल्या लोकांपुरते. त्याच्यासाठी हवे होते ते ‘पाणी’, ‘दुखते का’, ‘शू’, ‘झोप’, ‘मी इथेच आहे’ आणि ‘आत्ता येते’. ते आम्ही तिसऱ्या दिवशी हॉटेलातल्या एका झाडलोट करणाऱ्या बाईंकडून शिकलो. माझ्या उच्चारांवर त्या बाई खूप हसल्या आणि तो त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिला.

मराठीत या सगळ्याला ‘लळा’ असा सुंदर शब्द आहे. लळा लागतो. तो लावायचा म्हटले तरी आपल्या हातात फार थोडे असते. तो किती दिवसांत लागावा याचे वेळापत्रक मात्र प्रत्येकाच्या खिशात असते आणि ते परतीच्या तिकिटावर छापलेले असते. आमचे सोळा दिवसांचे होते. त्यातले किती दिवस वैद्यकीय तपासणी, पारपत्र, व्हिसा आणि शिक्क्यांच्या रांगांत गेले हे मोजण्यात अर्थ नाही, ते सर्वांचेच जातात. उरलेल्या दिवसांचे आम्ही काय केले, हे सांगायला हवे. आम्ही मुलाला घेऊन दोन प्रेक्षणीय स्थळे पाहिली, कारण पुन्हा इथे कधी येणार! रोज रात्री घरच्या बारा माणसांना त्याला फोनवर दाखवले. सगळ्यांनी पडद्यावरून त्याला हाका मारल्या, त्याच्या नव्या नावाने. त्या हाका आपल्याला आहेत हे त्याला कळणेही शक्य नव्हते.

पाचव्या दिवशी, दमूनच म्हणा, आम्ही ठरलेले सगळे रद्द केले आणि खोलीतच राहिलो. मी जमिनीवर बसले. त्याच्या जवळ गेले नाही, पाठही केली नाही. दुपारभर एक चेंडू त्याच्याकडे सोडायचा आणि तो तिथेच पडून राहिला तर सरपटत जाऊन परत आणायचा, एवढेच काम केले. चौथ्या-पाचव्या वेळी त्याने तो पायाने, बुटाच्या टोकानेच, जरासा ढकलला. संध्याकाळी पावाचा एक तुकडा त्याने खाल्ला आणि दुसरा मुठीत धरून ठेवला. तो काढून घेऊ नये एवढी अक्कल मला कुठून आली कोण जाणे. तो तुकडा पुढे दोन दिवस मुठीत होता. त्याच रात्री तो रडला. रडला म्हणजे सुमारे दोन तास, घसा बसेपर्यंत, दाराकडे हात करून. माझे यजमान घाबरून डॉक्टरांना बोलवायला निघाले होते. मी त्याला घट्ट धरले नाही, सोडलेही नाही. त्याच्या भाषेतले ‘मी इथेच आहे’ एवढेच म्हणत राहिले आणि ते बहुधा चुकीच्या उच्चारात होते. पहाटे केव्हातरी तो थकून माझ्या गुडघ्याला टेकला आणि एक पाय त्याने माझ्यापुढे केला. मी त्या पायातला बूट काढला. दुसऱ्या पायाला हात लावू लागले, तर तो पाय मागे गेला. त्या रात्री तो एक बूट घालून झोपला.

तोवर त्याने आम्हाला दिलेली ही सर्वांत मोठी गोष्ट होती आणि तिचा फोटो नाही, याचे मला आता बरे वाटते.

ही माझी हुशारी नव्हे. पुढे वाचनातून आणि इतर दत्तक पालकांशी बोलून जे कळले, ते निघण्यापूर्वी कोणी सांगितले असते तर ते पहिले चार दिवस वाया गेले नसते. मूल ज्या कपड्यांत येते ते लगेच धुवू नयेत, कारण त्यांचा वास हीच त्याची शेवटची ओळखीची जागा असते. पहिल्याच दिवशी आंघोळ घालायची घाई करू नये. संस्थेत डोक्यावर भसकन पाणी ओतण्याची सवय असेल किंवा टब कधी पाहिलेलाच नसेल, तर आपली प्रेमाची आंघोळ त्याला संकटासारखी वाटते. सांभाळणाऱ्या बाईंना विचारायचे प्रश्न लिहून न्यावेत. ते पालथे झोपते की उताणे, एकटे की कोणाच्या शेजारी, दिवा लावून की विझवून, कोणते गाणे, कोणती हाक, भूक लागली तर रडते की गप्प बसते, हे सारे त्यांनाच ठाऊक असते. जमल्यास त्या बाईंचा आवाज, त्यांचा एक फोटो, मुलाच्या पलंगाचा आणि खिडकीचा फोटो घ्यावा. आमच्याकडे यांतले काहीच नाही. त्या बाईंचे नावही आम्ही विचारले नाही, आणि मुलाने ते कधी विचारले तर काय सांगावे हे आम्हाला ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट विमानतळावर घडली. तोवर तो माझ्या कडेवर बरा राहू लागला होता. तिथे मात्र रांगेतल्या एका अनोळखी बाईंकडे पाहून त्याने हात वर केले, त्यांनी घेताच खांद्यावर मान टाकली, आणि पाच मिनिटांनी तिसऱ्याच एका गृहस्थांकडे गेला. लोक कौतुक करत होते, की किती माणसाळलेला मुलगा आहे! अनेक हातांत वाढलेली मुले अशी कोणाकडेही जातात, याचे कारण कोणीच त्यांचे विशेष असे नसते. आपले माणूस आणि परके माणूस यांतला फरक ज्याला कळतो ते मूल परक्याला पाहून आईला बिलगते. म्हणूनच घरी आल्यावर काही आठवडे भरवणे, न्हाऊ घालणे, निजवणे आणि पडल्यावर उचलणे या गोष्टी फक्त आम्ही दोघांनीच करायच्या, आजी-आजोबांनीसुद्धा नाही, असे आम्ही ठरवले. सासूबाईंना ते फार लागले. त्यांना वाटले, नातवाला हात लावू देत नाहीत. समजावून सांगायला माझ्याकडे तेव्हा शब्दही नव्हते. दत्तक पालकांइतकीच आजी-आजोबांचीही तयारी कोणीतरी करून घ्यायला हवी.

आणि पालकांविषयीही खरे ते लिहायला हवे. त्या पहिल्या आठवड्यात मला माया वाटत नव्हती. दया वाटत होती, जबाबदारी वाटत होती आणि मुख्य म्हणजे भीती वाटत होती. किती वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मूल मिळाले आणि मला आतून काहीच होत नाही, या विचाराने मी न्हाणीघरात जाऊन रडले. माझ्या यजमानांचे दुःख वेगळे होते. त्यांनी हात पुढे केला की मुलगा किंचाळे. कदाचित त्याने पुरुष फारसे पाहिलेच नसतील. त्यांनी मनाला लावून न घेता, निदान तसे न दाखवता, रांगेत उभे राहण्याची आणि पाणी आणून देण्याची कामे पत्करली आणि रोज थोडे थोडे जवळ बसू लागले. लळा दोन्ही बाजूंना लागावा लागतो आणि दोन्ही बाजूंना वेळ लागतो. आपल्या लेखासारखे लेख वाचून गेलेल्या आईला हे कबूल करण्याची चोरी होते.

नियमांविषयी. परदेशातून मूल दत्तक घेण्याविषयीचा हेगचा आंतरराष्ट्रीय करार २९ मे १९९३ चा आहे आणि तो १ मे १९९५ पासून लागू झाला. त्याच्या २९व्या कलमानुसार, मूल दत्तक देण्याजोगे आहे, आवश्यक त्या संमती मुक्तपणे मिळाल्या आहेत आणि पालक पात्र आहेत हे ठरेपर्यंत, नात्यातली दत्तके आणि देशाने आखून दिलेले अपवाद वगळता, पालकांचा मुलाच्या आईवडिलांशी वा त्याला सांभाळणाऱ्यांशी संपर्क होऊ नये. मुलांचा व्यापार रोखायचा तर हे बंधन हवेच, माझी त्याविरुद्ध तक्रार नाही. मुलाच्या मूळ कुळाची माहिती जपून ठेवावी असे ३०वे कलम सांगते. १९वे कलम म्हणते, की मुलाचे स्थलांतर सुरक्षित आणि योग्य परिस्थितीत, शक्य तर दत्तक पालकांच्या सोबतीने व्हावे. या ‘योग्य परिस्थिती’चा अर्थ प्रत्येक देशाने आपापल्या परीने लावला. चीनमध्ये पालकांचा प्रवास साधारण दोन आठवड्यांचा असे आणि मूल पहिल्या एक-दोन दिवसांतच हातात येई. कोलंबियात पालकांना मुलासह कित्येक आठवडे तिथेच राहावे लागते. हैतीत पालकांनी जाऊन सुमारे दोन आठवडे मुलाशी ओळख करून घ्यायची आणि मग कागद पूर्ण होईपर्यंत त्याला तिथेच ठेवून परतायचे, अशी पद्धत होती. यामागचा हेतू चांगलाच असणार, परंतु नुकते कोणाला तरी धरू लागलेले मूल पुन्हा महिनोन्‌महिने सोडले जाते, हे कोणाच्या लक्षात आले नाही का?

आता आंतरदेशीय दत्तके फार कमी झाली आहेत, मग ही चर्चा कशाला, असेही कोणी विचारील. कमी झाली हे खरे. २००४ च्या सुमारास जगभरात वर्षाला सुमारे ४५ हजार मुले अशी देशांतर करत होती, आज तो आकडा त्याच्या छोट्या अंशावर आला आहे. चीनने २०२४ मध्ये, परदेशस्थ नातेवाइकांचा अपवाद ठेवून, हे दार बंद केले, आणि दक्षिण कोरियात पूर्वीच्या दत्तकांमधल्या खोट्या कागदपत्रांची चौकशी २०२५ मध्ये सर्वांसमोर आली. ती चौकशी व्हायलाच हवी होती. परंतु आता जी मुले जातात त्यांत मोठ्या वयाची, आजारी वा अपंग आणि भावंडांसह जाणारी मुले अधिक असतात, म्हणजे ज्यांनी आधीच जास्त सोसले आहे ती. त्यांच्यासाठी हे पहिले दिवस आमच्या मुलाच्या दिवसांहून अवघडच असणार.

निराश होण्यासारखे मात्र यात काही नाही. रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० नंतर संस्थांतल्या १३६ बालकांचा जो अभ्यास झाला, त्यात ज्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून पालककुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता सांभाळणाऱ्या घरांत, ठेवले गेले, त्यांची माणसे जोडण्याची ताकद संस्थेतच राहिलेल्यांपेक्षा पुष्कळ सुधारली, आणि जी दोन वर्षांची होण्याआधी घरात गेली त्यांची अधिकच. वेळेला महत्त्व आहे, हे त्यातून दिसते. म्हणूनच लवकर ताबा द्या असेच मीही म्हणेन, पण दिल्यावर मागच्या दाराने जाऊ नका. सांभाळणाऱ्या बाईंनी चार दिवस येऊन बसावे, मुलासमोर आमच्याशी हसून बोलावे, त्याला आपल्या हाताने आमच्या हातात द्यावे आणि जाताना त्याला सांगून जावे. मूल रडेल. ते रडायलाच हवे, आणि आमच्या कुशीत रडायला हवे. नोकरीच्या ठिकाणी दत्तक पालकांना मिळणारी रजा मुलाच्या वयाकडे पाहून कमी करण्याची पद्धत जिथे असेल, तिथे तीही बदलायला हवी. दोन-चार वर्षांच्या मुलाला तान्ह्यापेक्षा कमी वेळ पुरतो, हे कोणी ठरवले?

आपल्याकडे एकच विनंती. असे अनुभव जरूर छापा, मात्र ताबा घेतानाचा मुलाचा चेहरा छापू नका. त्या दिवशीच्या फोटोत आम्ही दोघे भरभरून हसत आहोत. मुलगा कॅमेऱ्याकडे पाहतच नाही, तो उजवीकडे, चौकटीच्या बाहेर पाहतो आहे. ते मागचे दार त्या बाजूला होते.

आपली,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)